फाटकाजवळचा खड्डा

शेडच्या भिंतीला टेकून उभा असलेला, एका कडेने झिजलेला आणि निम्म्याहून जास्त रंग उडालेला जो लेव्हलर तुम्हाला दिसतो आहे, तो मीच. मित्रांनो, माझ्या अवताराला हसू नका. ट्रॅक्टरच्या मागे लागायचं, पातं जमिनीला टेकवायचं आणि खडी ओढत रस्ता सारखा करायचा, एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या हातून झाला. रस्ते बांधणाऱ्या मोठ्या यंत्राचं झिजलेलं पातं त्याने कापलं, पाठीला जाड पट्टी जोडली आणि मधोमध एक खीळ बसवली. ती खीळ उपसली की माझं पातं हवं तसं तिरकं वळायचं. मला मालकांच्या ताब्यात देताना तो म्हणाला, "खिळीला तेवढं तेल देत जा. सगळी करामत हिच्यातच आहे." मालक घाईत होते. हो हो म्हणाले आणि निघाले. त्यानंतर वीस वर्षं त्या खिळीला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

मालकांची रोपवाटिका होती. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत दोनशे पावलांचा खडीचा रस्ता. रोपं न्यायला गाड्या यायच्या, खडी कडेला उडायची, चाकोऱ्या पडायच्या. मग मालक मला ट्रॅक्टरला जोडायचे आणि तासाभरात तीन फेऱ्या मारून मोकळे व्हायचे. रस्ता कसा ताटासारखा दिसायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, "वा, काय झकास केलाय हो रस्ता." मालक मिशीत हसायचे आणि मीही मनातल्या मनात फुगायचो.

खोटं कशाला सांगू, फाटकाजवळच्या खड्ड्याचं मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याच्यावर आम्ही वरवर खडी ओढायचो. पंधरा दिवसांत तो पुन्हा आ वासून तिथेच. आणि ट्रॅक्टरचं चाक खड्ड्यात उतरलं की मागोमाग मीही खाली जायचो, म्हणजे त्याचा तळ मीच खरवडून काढायचो. मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, त्या खड्ड्याचं एकदा काय ते करा ना." मालक म्हणायचे, "परवाच तर भरला." मग बाई आपली रोपांची हातगाडी वळसा घालून न्यायच्या.

एक दिवस वळसा घालायला जागा नव्हती. वाटेत कुणाचा तरी टेम्पो उभा होता. हातगाडीचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि बाई तिच्यावरून पलीकडे पडल्या. मी शेडमधून पाहत होतो. त्यांच्या हातात तुटक्या कुंडीचा काठ तसाच राहिला होता. मालक धावत गेले, खाली बसले आणि त्यांना उचलताही येईना, सोडताही येईना. बाईंचं मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं.

दवाखान्यात हाडात सळई घातली. परगावी शाळेत शिकवणारी त्यांची लेक धावून आली. चार-पाच दिवसांनी ती शेडमध्ये आली, तेव्हा मालक ट्रॅक्टर पुसत होते. आधीच पुसलेला होता, तरी पुसत होते.

"बाबा, शनिवारी सोडताहेत आईला," ती म्हणाली. "पण ती इथे यायला तयार नाही. मावशीकडे न्या म्हणते."

"का?"

"त्या खड्ड्यावरून मला नेऊ नका म्हणते. रागाने नाही म्हणत हो. घाबरलीये ती. आणि डॉक्टरांनीही सांगितलंय, धक्का लागता कामा नये."

मालकांनी फडकं खाली ठेवलं. "आत्ताच्या आत्ता भरून टाकतो मी."

"पुन्हा वरून?"

मालक ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले. म्हणाले, "चुकलंच माझं. आता तूच सांग, काय करू?" मित्रांनो, मला लोखंडाला घाम फुटत नाही म्हणून बरं. ती चूक अर्धी माझी होती.

दुसऱ्या दिवशी मला ट्रॅक्टरला लावून मालक, लेक आणि मी अवजारांच्या वखारीत गेलो. मला देऊन नवं काहीतरी आणायचं ठरलं होतं. वखार चालवणाऱ्या बाई आडदांड बांध्याच्या, कानामागे खडू खोचलेला. मालकांनी आल्या आल्या सगळ्यात मोठ्या, चकचकीत अवजाराकडे बोट दाखवलं.

"हे नेलंत तर तुमच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत," बाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, तुमच्या रस्त्यावरचं पाणी जातं कुठे?"

मालकांनी लेकीकडे पाहिलं. वीस वर्षांत त्यांनी रस्ता पाहिला होता, पाणी पाहिलं नव्हतं. शेवटी लेकच म्हणाली, "कुठेच जात नाही. फाटकापाशी साचतं."

बाईंनी एकेक अवजार दाखवलं. लांब चौकटीत दोन पाती असलेलं एक होतं. ते चाकांबरोबर खड्ड्यात उतरत नाही, पण घट्ट बसलेली जमीन त्याच्याने उकरत नाही. मग एक बुटकी पेटी होती, मागे पातं, दोन्ही बाजूंना पत्रे आणि पुढे पाच दात. "ही न्या. ट्रॅक्टरला झेपेल आणि दोन्ही चाकांचा माग झाकेल एवढी रुंद आहे. दात खड्ड्याच्या तळापर्यंत घाला, सगळं उकरा आणि मग बसवा. वरून भरलेला खड्डा टिकत नाही."

मी त्या पेटीकडे पाहिलं. मला दात नाहीत. जे काम तिला जमणार होतं ते मला कधीच जमलं नसतं, हे मला कबूल करावं लागलं. कोपऱ्यात मोडीत काढलेल्या लोखंडाचा ढीग होता. माझी नजर सारखी तिकडे जात होती.

"आणि हा देऊन टाकतो," मालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले.

बाईंनी वाकून माझी खीळ पाहिली. "हा तिरका वळतो की. कधी वळवलात?"

"वळतो?" मालक म्हणाले.

"अहो, पेटी सरळच चालते. कडेची खडी मधे ओढून रस्त्याची पाठ उंच करायची, म्हणजे पाणी दोन्हीकडे ओघळतं, ते हाच करणार. याला कुठे देताय?" त्यांनी खिळीवर तेल ओतलं, तासभर मुरू दिलं आणि हातोडीचे घाव घातले. सातव्या की आठव्या घावाला खीळ निघाली. वीस वर्षांनी मी वळलो. करकरलो खूप, पण वळलो.

मग तीन दिवस बाप-लेक राबले. पेटीने खड्डा तळापासून उकरला, खडी मिसळून थर बसवले. माझं पातं तिरकं करून लेकीने कडेची खडी मधे आणली. ट्रॅक्टर तीच चालवत होती. मालक पुढे उलटे चालत, वाकून उतार बघत होते. शुक्रवारी त्यांनी तीच हातगाडी काढली, तिच्यात काठोकाठ भरलेली बादली ठेवली आणि फाटकातून ढकलत आणली. खड्ड्याच्या जागी ओंजळभर पाणी सांडलं.

"ठीक आहे की बाबा," लेक म्हणाली.

"नाही. पुन्हा," मालक म्हणाले.

जागा पुन्हा सारखी करायची, बादली पुन्हा ढकलत आणायची, असं चार वेळा झालं. पाचव्या खेपेला पाणी नुसतं हललं.

मालकीणबाईंना मावशीकडे न्यायचं की घरी, हे शनिवारी सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. मालक दवाखान्यात गेले आणि त्यांच्यापाशी बसून एवढंच म्हणाले, "एकदा बघ. धक्का बसला तर तिथूनच मागे फिरू." बाई हो म्हणाल्या.

रुग्णवाहिका हळूहळू आली. मागच्या दाराची काच हवेसाठी उघडी होती, म्हणून मला दिसलं. बाईंनी डोळे गच्च मिटले होते आणि खाटेची दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. गाडी पायरीशी थांबली. तरी त्यांची बोटं सुटेनात.

"अहो, फाटक आलं का?" त्यांनी विचारलं.

मालकांनी त्यांची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली.

"घर आलं," ते म्हणाले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला नुसतं राबवू नका, ती काय काय करू शकते हे एकदा नीट बघा. आणि घरातलं माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर ती ऐका. त्याला पडावं लागेपर्यंत थांबू नका.

आता दर शनिवारी मालक तेलाची बुधली घेऊन माझ्याकडे येतात. बाई काठी टेकत दारापर्यंत येतात आणि तिथूनच विचारतात, "दिलंत का तेल?" मालक म्हणतात, "देतोय." आणि खरंच देतात.