दुपारच्या पाळीचे शाफ्ट

अभिमनने शाफ्ट तिसऱ्यांदा मोजला, आणि तिसऱ्यांदाही तो बारीकच भरला.

तासाभरापूर्वी हाच शाफ्ट त्याने स्वतः लेथवर उभं राहून काढला होता. तेव्हा माप अगदी बरोबर होतं. मग तो चहाला गेला, शाफ्ट केबिनमध्ये कूलरसमोर पडून राहिला, आणि तेवढ्यात मिलिमीटरचे दोन शतांश गायब झाले. त्याने शाफ्टवरून हात फिरवला. गार होता. तो बाहेर शेडमध्ये आला. जळगावचा मे महिना, वर तापलेला पत्रा. आता दुपारच्या पाळीला असलेल्या झिपरूने नुकताच मशीनवरून उतरवलेला शाफ्ट त्याने उचलला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला.

"काय झालं, भाऊ?" झिपरूने विचारलं.

"काही नाही," असं म्हणून अभिमन पुन्हा आपल्या फोरमनच्या केबिनमध्ये गेला आणि दार लोटून बसला.

लोखंड तापलं की फुगतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात, या प्रश्नाला त्याने शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

पूर्वी कारखान्यात शाफ्ट थोडा जाड ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून त्यावर शेवटचा हात फिरवायचे. असं का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. शाफ्ट घेणाऱ्या पंपवाल्या कंपनीने माप आणखी काटेकोर हवं म्हटलं, तेव्हा अभिमनला ही पद्धत शुद्ध आळशीपणाची वाटली. त्याने जाडी मोजायचा नवा मायक्रोमीटर आणवला. धूळ बसू नये, उन्हाने बिघडू नये म्हणून तो मऊ कापडात गुंडाळून केबिनमध्ये कूलरसमोरच्या फळीवर ठेवला. घरच्या देवांचीही त्याने एवढी बडदास्त ठेवली नव्हती. आणि नियम केला: शाफ्ट मशीनवर असतानाच मोजायचा, तिथेच पुरा करायचा. तापलेला शाफ्ट, गारेगार मायक्रोमीटर. माप जास्त दिसायचं, माणूस आणखी कापायचा, आणि निवल्यावर शाफ्ट बेअरिंगमध्ये ढिला बसायचा.

सकाळच्या गारव्यात शाफ्ट निभावून जात. कंपनीकडून परत यायचे ते सगळे दुपारच्या पाळीचे, आणि ती पाळी चुडामणनानांची होती.

दोन्ही पाळ्यांची माणसं उभी असताना अभिमनने नानांच्या हातातून मायक्रोमीटर काढून घेतला होता. "नाना, डोळे गेले तुमचे, हात कापतो, आणि कबूल करायची लाज वाटते!" ज्यांनी त्याला लेथवर उभं राहायला शिकवलं त्यांना तो हे बोलला होता. नानांनी हात धुतले, डबा उचलला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

आता केबिनमध्ये बसल्या बसल्या अभिमनचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

सुट्टीच्या दिवशी एसटी धरून तो अमळनेरच्या पुढच्या नानांच्या गावी गेला. नाना ओट्यावर बसले होते. नाकावर नवा चष्मा होता. त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, पाणी दिलं आणि त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, तुमना उपकार शेतस. यास्नी तंबाखू सुटनी. हात कापस म्हनीसन सोडी दिनी."

अभिमनने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. त्या आत जाईपर्यंत तो थांबला. मग खाली बघत त्याने सगळं सांगितलं: कूलर, मायक्रोमीटर, तापलेला शाफ्ट. "तुमना हात चांगला शे, नाना. चूक मनी व्हती."

स्वतःचा उजवा हात नानांनी समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"मंग झिपरूना शाफ्टबी ढिला व्हतात?"

"हो. मनाबी."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा लावला. "मी माले आंधया समजी बसनू रे," ते म्हणाले. "गावमा कोनी काम सांगं तरी नही म्हनू. हातवर भरोसाच नही राहिना."

"माफ करा, नाना." तो त्यांच्या पायांकडे वाकला. मनातून त्याला हलकं वाटू लागलं होतं. चला, झालं एकदाचं.

नानांनी त्याचा हात मधेच धरला.

"आज कारखानाले सुट्टी शे ना?"

"हो."

"तठे कोनले माहीत शे, तू आठे येल शे म्हनीसन?"

"नही."

नानांचा आवाज चढला नाही. "माले तू बठ्ठास्ना म्होरे, चारचौघास्मा बोलना व्हता, अभिमन. उद्या दुपारले मी येस. दोन्ही पाळीना मानसं ऱ्हातीन. तव्हय सांगशी?"

झिपरूचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. मग मालकांचा. मग उद्यापासून तो काही हुकूम सोडेल तेव्हा एकमेकांकडे बघून हसणाऱ्या सगळ्यांचा. त्याने मान खाली घातली.

"सांगस," तो म्हणाला खरा. पण वर पाहिलं तेव्हा उत्तराची वाट बघून नाना केव्हाच उठून घरात गेले होते.