दाजींचा बिस्किटांचा डबा

माझ्या थोरल्या बहिणीचे, शांतीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पेणला गणपतीचा कारखाना चालवतात. कारखान्यातल्या पूजेच्या मूर्तीपाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात बिस्किटं मी कधी पाहिली नाहीत. असत त्या अँटिबायोटिकच्या कॅप्सुली. कोणाच्या आजारपणातून उरलेल्या, काही दुकानातून सुट्या आणलेल्या. हंगाम लागला की सकाळची आरती आटोपून दाजी कारागिरांना ओळीत उभं करत आणि प्रत्येकाच्या हातावर एक कॅप्सूल ठेवत. माणसं उजव्या हाताखाली डावा धरून ती घेत, कपाळाला लावत आणि गिळत. देवापुढची वस्तू, नाही कोण म्हणणार? चार दिवस हे चाले, मग कोणाच्या लक्षात राहत नसे. पुन्हा कोणी शिंकलं की पुन्हा चार दिवस.

"हंगामात माझ्याकडं कोण आजारी पडत नाय," दाजी छाती पुढे काढून सांगत. दहावीला तीनदा बसलेला माणूस औषधांबद्दल इतक्या खात्रीने बोलतो तेव्हा ऐकणाऱ्यालाच लाज वाटते.

मी रोह्याला एका खासगी लॅबमध्ये रक्ताच्या नि शौचाच्या तपासण्या करते. दाजी माझी ओळख करून देत ती अशी: "ही आमची मेव्हणी. रोह्याला लोकांचं गू बघते." गिऱ्हाइकं हसत. मी चहा घेत असे.

ब्याण्णव सालच्या श्रावणात शांतीचा लॅबवर फोन आला. "सुरभीचा ताप उतरत नाय गो. आज नववा दिवस."

सुरभी माझी एकोणीस वर्षांची भाची. कारखान्यात मूर्तींचे डोळे ती एकटीच आखते. सोमवारची पूजा उरकून, रक्त घ्यायची बाटली पिशवीत घालून मी पेणची एसटी धरली. पोरगी अंथरुणात वाळून गेली होती, ओठ फुटलेले. आणि उशाशी पाटावर पाच छोट्या मूर्ती, शेजारी कुंचला.

"हे काय?" मी विचारलं.

"डोळे राहिलेत," दाजी म्हणाले. "बारके तेवढे पडल्या पडल्या होतात. आणि गोळी चालू हाय ना, डब्यातली. डॉक्टरनं पण त्याच लिवल्यात."

श्रावणात कोणाला टाकून बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. मी पाट उचलून बाहेर नेऊन ठेवला. सुरभीचं रक्त घेतलं, मग म्हटलं, "दाजी, तुमच्याही शौचाचा नमुना लागेल."

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. म्हणूनच हवाय."

शुक्रवारी दोघांच्या नमुन्यांच्या काचेच्या बशा माझ्यापुढे होत्या. जंतू वाढवलेल्या बशीत औषधाच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं की चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल दिसतो. सुरभीच्या रक्तात टायफॉइडचा जंतू निघाला, आणि टायफॉइडवरच्या तिन्ही जुन्या औषधांच्या, म्हणजे डब्यात असायची त्यांच्याच, चकत्यांना तो अगदी चिकटून वाढला होता. दाजींच्या आतड्यातला साधा, निरुपद्रवी जंतू त्याच तीन चकत्यांना तसाच चिकटलेला. फक्त नव्या औषधाच्या, सिप्रोच्या, चकतीभोवती रुंद गोल होता.

त्याच संध्याकाळी मी पेणला गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून दहा दिवसांच्या सिप्रोच्या गोळ्या लिहून दिल्या, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एक. मग मी दाजींना समोर बसवलं.

"रोज थोडी थोडी कॅप्सूल पोटात गेली की लेचेपेचे जंतू मरतात. ज्यांना औषध पचवायची युक्ती ठाऊक असते ते उरतात. ती युक्ती त्यांच्या पोटात एका बारक्या कड्यावर लिहिलेली असते, प्लास्मिड म्हणतात त्याला. त्याची नक्कल करून ते शेजारच्या जंतूला देतात. तो वेगळ्या जातीचा असला तरी देतात. उद्या टायफॉइडचा जंतू त्याच आतड्यातून गेला तर त्यालाही देतात."

दाजी हसले. "जंतू हळदीकुंकू करतात व्हय गो? वाण लुटतात?"

"लुटतात. आणि वाण देऊनही त्यांच्याकडचं संपत नाही."

"म्हंजे पोरीला मी आजारी पाडली?"

"तसं मी म्हणत नाही. हे कडं कोणाच्या पोटातून आलं ते सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही. पण औषध का चालेना, त्याचं उत्तर तुमच्या डब्यात आहे."

"गू बघून बघून डोकं फिरलंय हिचं," दाजी शांतीला म्हणाले आणि रंग कालवायला निघून गेले. एकुलती एक मुलगी आत पडलेली असताना.

गोळ्या सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी सुरभीचा ताप उतरला. सहाव्या दिवशी तिने मऊ भात खाल्ला. सातव्या दिवशी सकाळी मी पोचले तर गोळ्यांची पट्टी जागेवर नव्हती.

"बरी झाली ना? मग कशाला?" दाजी म्हणाले. "आठ उरल्यात. भारी औषध हाय. विठूला कणकण हाय, एक त्याला दिली की..."

डबा उघडा होता. विठू कारागीर समोर उभा होता, उजव्या हाताखाली डावा धरून.

मी कारखान्याच्या उंबऱ्यावर बसले. मूर्ती ठरवायला आलेली दोन कुटुंबं बाहेर ताटकळत होती. मी हळूच म्हणाले, "आठ गोळ्या सुरभीच्या हातात येईपर्यंत मी इथून उठत नाही. पाणीही घेत नाही. आज शुक्रवार, माझा उपास आहेच."

"मावशी, उठ गो," आतून सुरभी म्हणाली.

"तू गप्प पड. दाजी, सोळा सोमवार तुम्हीही केलेत. बाराव्या सोमवारी बरं वाटलं म्हणून उरलेले चार सोमवार डब्यात ठेवले होते काय?"

बाहेरची एक बाई फिस्सकन हसली. त्या हसण्यानेच काम झालं. पोरीच्या इतक्या दिवसांच्या तापाने जे झालं नव्हतं ते गिऱ्हाइकाच्या हसण्याने झालं. विठूच्या हातावरची गोळी दाजींनी काढून घेतली आणि आठही माझ्या पदरात टाकल्या.

चार दिवस रजा घेऊन मी पेणला राहिले. विठूला डॉक्टरांकडे पाठवलं. शेवटची गोळी सुरभीने माझ्यासमोर घेतली, मग मूर्तींपुढे बसून डोळे आखायला घेतले. रेघ सरळ आली.

दाजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "डॉक्टरनं हात टेकले होते. देवापुढच्या डब्यातल्या गोळीनं पोरगी उठली माझी."

सुरभीने कुंचला थांबवला, उठली, डबा उचलला आणि माझ्या पिशवीत घातला.

"मावशी, हा रोह्याला ने गो."