साखरेला कुलूप

सुरतजवळच्या उधन्यातल्या काशिनाथने घरातली साखर कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला अडकवून लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला जायला सुरुवात केली. कारण आई. उषाबाईंची उपाशीपोटी साखर रोज सकाळी तीनशेच्या वर यायची. आईला चोरून गोड कोण देतं, असा प्रश्न त्याने घरात मांडला, तेव्हा घरात त्याची बायको सोनाली सोडून कोणी नव्हतं. त्यामुळे तपास लवकर आटोपला.

"मी कशाला देऊ?" सोनाली म्हणाली.

"तेच तर कळत नाहीये."

रोज सकाळी तपासणीला येणारी योगिता नर्सिंग असिस्टंटचा कोर्स नुकताच संपवून आली होती. रक्तासाठी बोट टोचण्याआधी पेशंटचे हात साबणाने धुवायचे, हे तिला तोंडपाठ होतं. पण पहिल्याच दिवशी उषाबाई म्हणाल्या, "आत्तेच आंघोळ करी, देवपूजा करी. मन्हा हात खराब शेतस का?" योगिताने स्पिरिटचा बोळा काढला. "माले दारू लावस का? गुजरातमा बंदी शे!" कायद्याचा मान राखून योगिताने बोळा परत ठेवला. तेव्हापासून ती सरळ टोचायची.

आकडा फोनवर डॉक्टरांना जायचा. डॉक्टर इन्सुलिन वाढवायचे, सोनाली ते टोचायची. प्रत्येक वेळी डॉक्टर बजावायचे, "डोस जास्त झाला तर जिवावर बेतेल. घाम आला, थरथर सुटली की लगेच साखर द्या." दुसऱ्या सकाळी पुन्हा तीनशे. सूनबाई सुई गादीत मारते, असा योगिताला संशय होता. योगिताचं मशीन सेकंडहँड असल्याचा सोनालीला संशय होता. उषाबाईंना दोघींचा संशय होता.

त्या दिवशी डोस आणखी वाढला, म्हणून योगिता दुपारीही तपासायला आली होती. दुपारी उषाबाई हात धुऊन ताटावर बसल्या आणि घास उचलायच्या आधीच घामाने निथळल्या. बोटं थरथरू लागली.

"भाजी आवडली नसेल तर तसं सांगा, आई. नाटकं कशाला?" सोनाली म्हणाली.

योगिताने टोचून पाहिलं. बावन्न.

"साखर आण, वहिनी! पळ!"

"किल्ली लूमवर आहे!"

काशिनाथचा फोन वाजत राहिला. लूमच्या खडखडाटात तो ऐकणार कुठून? सोनाली शेजारी धावणार, तेवढ्यात सासूने तिचा पदर धरला आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं. तसबिरीमागे डबा होता. डब्यात पिठीसाखर.

सोनालीने ती पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा वर आला, घाम ओसरला, उषाबाई जेवल्या. मग सोनालीने डबा त्यांच्यासमोर धरला.

"हे खाता तुम्ही?"

"मी नही खात. मुंग्यासले टाकस."

गुजराती शेजारणीने सांगितलेलं पुण्य होतं ते; पिठीसाखरही तिनेच दिलेली. रोज पूजा झाली की पीठ आणि साखर हाताने कालवून ओट्याखाली मुंग्यांना घालायची. हात पदराला पुसायचे. तेवढ्यात योगिता येऊन तेच साखर लागलेलं बोट टोचायची आणि मशीन रक्ताबरोबर तीही मोजायचं.

योगिताने डॉक्टरांना फोन लावला. इतके दिवस हात धुतले नव्हते, हे तिने सांगितलं. डॉक्टरांनी आधीचे सगळे आकडे खोडायला लावले. मग डोस कमी झाला.

दुसऱ्या सकाळी काशिनाथच्या देखरेखीखाली उषाबाईंनी साबणाने हात धुतले, कोरडे केले. आकडा आला एकशे चौतीस. काशिनाथने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं, मग सोनालीकडे पाहिलं.

"एवढी कमी कोणी केली?"

"मीच," सोनाली म्हणाली. "चोरून."