गवतातली वाट

क्लिफर्डने गुडघे टेकले आणि गवत हळूच बाजूला केलं. चारपैकी एकही अंडं शाबूत नव्हतं. टरफलांच्या आत अजून ओल होती. रविवारपर्यंत पिल्लं बाहेर आली असती.

डोक्यावर कर्ल्यू पक्ष्यांची जोडी ओरडत घिरट्या घालत होती. दरीत उरलेली ही शेवटची जोडी, आणि तीन वर्षांत त्यांचं एकही पिल्लू जगलं नव्हतं. म्हणून यंदा क्लिफर्डने निवृत्तीचं सगळं रिकामपण या घरट्याला वाहिलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ यायचं, अंडी बघायची, वहीत टिपायचं. कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांवर तो असा तुटून पडायचा, की गाव त्याला कुरणाचा फौजदार म्हणायचं.

फाटकापाशी मिसेस ऑल्डर्सन उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात कुत्र्याचा पट्टा. पट्टा दिसला आणि क्लिफर्डचं टाळकं सरकलं. तो तरातरा तिकडे गेला.

“झालं समाधान? कितीदा सांगितलं, झिपला बांधून आणा! चारही अंडी गेली!”

“अरे देवा. कधी रे?”

“काल संध्याकाळी होती. कुठाय तो कुत्रा?”

म्हातारीने पट्टा या हातातून त्या हातात घेतला.

“झिप सोमवारी गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं, माझ्या मांडीवरच. पट्टा आपला सवयीने हातात येतो.”

आज गुरुवार होता.

“मला... कुणी बोललं नाही.”

“तुझ्याशी बोलायची सोय आहे का कुणाला? परवा भर दुकानात झाडलंस मला.” त्या त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. “आणि ती वाट कुणी पाडली रे? मे लागला की गवत कापेपर्यंत आत पाय टाकायचा नाही. तुझ्या बापाने तर फोडून काढलं असतं.”

क्लिफर्ड वळला. कुरण बटरकपच्या पिवळ्या फुलांनी भरून गेलं होतं, मधूनच जांभळी ऑर्किडं, आणि सगळ्यावर दव. त्या दवातून एकच वाट निघाली होती, फाटकापासून थेट घरट्यापर्यंत, रोजच्या पावलांनी घट्ट झालेली. वाटेच्या मधोमध कोल्ह्याची ताजी विष्ठा पडली होती. कोल्ह्याला घरटं शोधावंच लागलं नव्हतं.

क्लिफर्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कोल्ह्याने पाडली असेल,” तो म्हणाला.

मिसेस ऑल्डर्सननी खाली बघितलं. त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या. वर ती जोडी अजून ओरडतच होती. त्यांनी पट्टा खिशात ठेवला आणि त्याला बाहेर येता यावं म्हणून फाटक उघडून धरलं.

“आता नको येऊस हं रोज, बाळा.”