डावखुऱ्याचा चाकू

माझ्याकडे घडीचे तीनशे अकरा चाकू आहेत. ताई म्हणते, एवढे चाकू घरात आणि भाजी चिरायला एकालाही धार नाही. तिला काय कळतंय, म्हणून मी सोडून देतो. ती माझी थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची, मी कारखान्यात फिटर होतो. दोघंही आपापल्या जागी एकटे उरलो, म्हणून सात वर्षांपासून एकाच घरात राहून भांडतो.

मी चाकू विकत नाही, धारही लावून देत नाही. मी चाकू ओळखतो. लोकांना वाटतं, खिशातला चाकू म्हणजे चाकू, त्यात ओळखायचं काय. अहो, माळ्याच्या चाकूचं पातं आत वळलेलं असतं. कलम बांधणाऱ्याच्या चाकूच्या बुडाला साल उचकटायची हाडाची पट्टी असते. खलाशाच्या चाकूला टोकच नसतं, कारण हलत्या बोटीवर टोकदार चाकू घेऊन धडपडलात तर दोर राहील बाजूला आणि स्वतःचं पोट फाडून घ्याल. पात्याचा आकार, मुठीचं हाड, खिळे किती, पातं मिटताना अर्ध्यावर थांबतं की सरळ आत जातं, एवढं बघितलं की चाकू कुठल्या घडणीचा आणि साधारण किती जुना, हे मी सांगतो. कपाटात बारा उथळ खण आहेत, आणि प्रत्येक चाकूखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. रविवारी दुपारी लोक आपापले चाकू घेऊन येतात. मला त्याचा माज होता, उगाच कशाला लपवू.

माझा एक नियम होता. आलेल्या माणसानं आधी काही बोलायचं नाही. कारण लोक थापा मारतात. हा आमच्या पणजोबांचा, हा लढाईवरून आणलेला, हा अमक्या सरदाराच्या कमरेला होता. मग बघावं तर चाकू वीस वर्षांपूर्वीचा, बाजारात ढिगानं मिळणारा. म्हणून मी सांगायचो, चाकू टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. मी आधी बोलणार, तुमची गोष्ट नंतर. आणि बहुतेकदा त्यांची गोष्ट ऐकायची वेळच यायची नाही, कारण तोवर त्यांचं तोंड उतरलेलं असायचं.

गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी एक बाई आली. पस्तिशीची असेल. खांद्याला कापडी पिशवी, उजव्या तर्जनीच्या पेरावर सुई टोचल्याच्या बारीक खुणा. शिवणकाम करणारी, हे मी लगेच ओळखलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ती खुर्चीच्या काठावर बसली. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"काका, मला एक विचारायचं होतं. हा चाकू..."

"थांबा," मी म्हणालो. "काही सांगायचं नाही. ठेवा इथे."

"पण आधी मला जरा..."

"बाई, डॉक्टरकडे गेल्यावर त्याला रोग तुम्ही सांगता का?"

"लक्षणं तर सांगतातच ना," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. बाईनं माझ्याकडे एकदा बघितलं, रुमाल उलगडला आणि चाकू पुढे सरकवला. तिला तेव्हा बोलू दिलं असतं तर बरं झालं असतं. दोन वाक्यं ऐकून घ्यायला माझं काय जात होतं, ते आज मलाही सांगता येणार नाही.

चाकू चार बोटांएवढा, मिटलेला. हाडाची मूठ काळी पडलेली, आतला पितळी पत्रा हिरवा. मी भिंग लावलं, दिवा जवळ ओढला. चाकू हातात आला की मला आजूबाजूचं काही दिसत नाही, हे खरं आहे. ताई त्याला समाधी म्हणते, टोमणा म्हणून.

"खलाशी घडण," मी सुरुवात केली. "टोक नाही, पुढे पातं बोथट. दोर कापायचा चाकू. तीन खिळे होते, मधला पडलाय आणि तिथे तांब्याची तार ठोकलीय. फार जुना नाही, पंधरा-वीस वर्षं. असे हजारो निघाले."

"हजारो?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाल्यासारखा वाटला.

तिथे थांबलो असतो तर ती उठून आनंदानं घरी गेली असती. पण हजारोंतला एक म्हणजे माझ्या दृष्टीनं ओळख नव्हेच. मी तिला म्हणालो, "घाई करू नका, अजून बघू तरी द्या," आणि पातं उघडलं. जड गेलं. सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला.

"तेल घातलंत, चांगलं केलंत. आता गंमत बघा. पातं उघडायला ही नखाची खाच असते ना, ती कारखान्यातून एकाच बाजूला येते, उजव्या हाताच्या लोकांसाठी. इथे दुसऱ्या बाजूलाही आहे. वेडीवाकडी, तिकोनी कानशीनं घासून केलेली. मालक डावखुरा. खाच सापडत नाही म्हणून वैतागला आणि चांगल्या पात्याचं वाटोळं केलं."

तिनं टेबलावरचा रुमाल हातात घेतला.

"मूठ बघा. इथे चिरलीय, म्हणजे याचा हातोडी म्हणूनही वापर झालाय. मालक दांडगा गडी. याच्या बायकोनं याच्या हातात काचेचं भांडं कधी दिलं नसेल."

ती हसल्यासारखी झाली. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसली.

मग मला ते सापडलं, आणि आता सांगायला लाज वाटते, पण मला फार आनंद झाला. मुठीच्या मागच्या टोकाला हाडात दोन बारीक खड्डे होते, आणि तसेच खड्डे उलट्या बाजूलाही, आजूबाजूला पुन्हा पुन्हा उमटलेले. मी पट्टी लावून मोजले. "हे दात आहेत," मी म्हणालो. "दोन्ही हात दोराला गुंतले की हा चाकू दातांत धरायचा. वर्षानुवर्षं. वरचे दोन खड्डे आहेत ना, त्यांच्या मधलं अंतर नेहमीच्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे याच्या वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट. आता बोला. डावखुरा, दांडगा, दातांत फट असलेला खलाशी. राहिला का हा हजारोंतला? आणि हा चाकू गाळात होता. उघड्या पाण्यात राहिला असता तर पात्याची चाळण झाली असती, गाळात लोखंड टिकतं. वर्षभर, फार तर सव्वा वर्ष. आता शेवटची आणि सगळ्यात भारी गोष्ट..."

ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती केव्हा आली मला कळलंच नव्हतं. माझी बहीण अशी कुणाला हात लावणारी नाही, म्हणून मी दचकून वर बघितलं. "पुरे," ती म्हणाली. मग मी समोर बघितलं.

बाईनं तो रिकामा रुमाल दोन्ही हातांत घट्ट धरला होता. रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग मात्र उतरला होता. ताईनं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, तो तिनं घेतला नाही.

"माझा नवरा मालाच्या बोटीवर होता," ती म्हणाली. "चौदा महिने झाले. बोट सकाळी धक्क्याला लागली तेव्हा हा तिच्यावर नव्हता. बोटीचा तांडेल म्हणाला, आधीच्या धक्क्यावर रात्री उतरला असेल. बाकीचे हसले. म्हणाले, तिथे कुणीतरी असेल त्याची. मी सगळ्यांसमोर शिव्या घातल्या त्याला, काका. तोंडाला येईल ते बोलले. पण घरी आले आणि वाटलं, असू दे. असू दे कुणीतरी. दोन वेळा जेवायला घालत असेल ना त्याला. तेव्हापासून रोज मी एवढंच म्हणते, पळूनच गेलेला असू दे."

मी उघडा चाकू टेबलावर ठेवला.

"गेल्या आठवड्यात खाडीच्या तोंडाशी मासेवाल्यांच्या जाळ्यात हा आला. त्याचा असेल म्हणून त्यांनी आणून दिला. बोटीवर सगळ्यांकडे असलेच असतात. त्याचा मी कधी नीट बघितला नव्हता, घरी आला की चाकू पिशवीतच असायचा. कुणीतरी म्हणालं, एक काका आहेत, ते चाकू ओळखतात. मला वाटलं तुम्ही म्हणाल, असले पुष्कळ असतात, कुणाचाही असेल. तेवढंच ऐकायला आले होते."

"असतातच की पुष्कळ," मी घाईघाईनं म्हणालो. "मी म्हणालोच होतो सुरुवातीला. डावखुरे काय, कितीतरी असतात."

"दातांत फट असलेले?"

"तेही असतात. आणि ते दातच आहेत कशावरून? मी आपला अंदाजानं बोलतो. लोकांवर छाप पडावी म्हणून बोलतो. कितीदा चुकतो मी."

"नेहमीच चुकतो तो," ताई म्हणाली. "त्याच्या बोलण्यावर जाऊ नका." आयुष्यभर तिनं मला हे ऐकवलं होतं. त्या दिवशी ते तिनं माझ्या बाजूनं म्हटलं.

बाईनं मान हलवली. "मी आधी सांगितलं असतं आणि मग तुम्ही बोलला असतात, तर माझा विश्वास बसला नसता. म्हटलं असतं, माझं ऐकून जुळवताय. पण तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. तुम्हाला काही माहीत नव्हतं आणि तुम्ही त्याला माझ्यासमोर आणून बसवलंत. काचेचं भांडं नव्हतेच देत मी त्याच्या हातात."

मी तिची माफी मागितली. माझ्या वयाच्या माणसाला माफी मागायची सवय नसते, ती धड मागताही आली नाही. ती म्हणाली, तुमची काय चूक. माझी चूक होती. ती माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला सोडून चाकूकडे बघत होतो.

तिनं पेला उचलून दोन घोट पाणी घेतलं. मग हळूच विचारलं, "घरी मुलगी आहे, आठ वर्षांची. तिला तो नेहमी सांगायचा, पायात दोर अडकला ना, तर मी असा चाकू काढतो आणि असा कापतो. तिला हा चाकू सापडल्याचं कळलंय. ती मला एकच विचारते. बाबांना कळलं होतं का? ते घाबरले होते का? मी काय सांगू तिला?" आणि मग, "तेव्हा चाकू उघडलेला होता की मिटलेला, हे कळतं का यावरून?"

कळत होतं. पातं उघडताच कळलं होतं, आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणून मी ती शेवटाला राखून ठेवली होती. चाकू मिटलेला असला की मुठीच्या खोबणीत पातं असतं, तिथे गाळ भरायला जागा उरत नाही. या खोबणीच्या तळाशी राखाडी गाळ दडपून बसला होता, आणि सांध्यापाशी गंजाची रेघ होती ती पातं पूर्ण उघडं असतानाची. त्यानं चाकू काढला होता. काळोखात, पाण्यात, दोर ओढत असताना स्वतः घासलेली ती खाच त्याच्या नखाला सापडली होती, आणि त्यानं पातं उघडलंही होतं. पुढचं त्याला जमलं नव्हतं.

चाकूच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नव्हतो. माणसांशी पुष्कळ बोललो असेन, पण चाकूबद्दल कधीच नाही. माणसं नाराज झाली, भांडून गेली, तरी जे दिसलं तेच मी सांगितलं.

"मिटलेला होता," मी म्हणालो.

ताईचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला.

"खिशातच होता," मी म्हणालो. "काढायची वेळच आली नाही त्याच्यावर. डोक्याला काहीतरी लागलं असेल आणि शुद्ध गेली असेल. दोर नाही, काही नाही. त्याला काही कळलंच नाही."

"नक्की?"

"नक्की. यात मी चुकत नाही."

तिनं चाकू उचलला. नेहमी मीच पातं मिटवून देतो, त्या दिवशी राहिलं. तिनंच ते मिटवलं, सावकाश, बोट सांभाळून. चाकू रुमालात गुंडाळला आणि रुमाल पिशवीत अगदी तळाशी ठेवला.

"मासेवाल्यांनी आणून दिला तेव्हा उघडाच होता," ती म्हणाली. "उघडाच सापडला म्हणाले. मिटत नव्हता. मशीनचं तेल घालून घालून मीच मिटवला, तीन दिवस लागले."

मी खाली बघत राहिलो.

"पण तुम्ही म्हणताय, मिटलेला होता."

"हो," मी म्हणालो.

"मग मुलीला तसंच सांगते," ती म्हणाली. "चाकू ओळखणाऱ्या काकांनी सांगितलं म्हणून सांगते."