मास्तरच्या मापाची गोळी

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. बाई असून मास्तर, पण कुणाला त्यात वावगं वाटत नसे. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून तिनं कापायचं मशीन फिरवलं, की चाळीसच्या चाळीस बाह्या एका मापाच्या निघत. दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

पन्नाशीला मात्र घोळ झाला. पाळी थांबली आणि अंगात भट्टी पेटली. पंख्याखाली बसून घामाच्या धारा, झोपेचं पार खोबरं! एकदा तर मास्तरबाईंनी डावीच बाही दोनदा कापली. चाळीस गणवेश, आणि सगळ्यांना दोन डावे हात. मालकीण पोट धरून हसली. मास्तर नाही हसली. तडक डॉक्टरकडे गेली. तिथं बीपी पाहिलं, रक्त तपासलं, घरात कुणाला काय काय झालंय ते खोदून खोदून विचारलं, आणि मग हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या. रोज एक. महिन्याभरात मास्तर पहिल्यासारखी तरतरीत.

आता ताईचं ऐका. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, वय चौसष्ट, बीपीची जुनी गिऱ्हाईक, आणि त्याच कारखान्यात शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायला बसणारी. दोघी लहानपणापासून एकच छत्री, एकच कंगवा वापरत वाढलेल्या. 'हे माझं' असं त्या घरात काही नव्हतंच. तर ताई एकदा म्हणाली, "तू बघ कशी टवटवीत झालीस! मला अजून रात्री घाम फुटतो, त्याचं कुणाला काही आहे का?"

मास्तरनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. "घे की. रोज एक. मला गुण आला, तुला का नाही येणार?"

काय म्हणावं? माप घेतल्याशिवाय वीतभर चिंधीला कात्री न लावणारी बाई ही! पण आपल्याच माणसाचं काय माप घ्यायचं, असं वाटतं ना, तसंच तिलाही वाटलं.

दोन महिने मजेत गेले. मग एका सकाळी मास्तरनं कापलेला गठ्ठा ताईपुढच्या शिलाईवालीकडे सरकवला आणि सवयीप्रमाणे त्याच्या चिठ्ठीवर वेळ टाकली, मिनिटासकट. या खोडीवरून सगळे तिला चिडवत. ताई तेव्हा म्हणालीसुद्धा, "जांभई दिल्याची वेळपण लिही हो!" सगळे हसले, कामाला लागले.

पुढच्या गठ्ठ्याला हात घालताना मास्तरनं सहज मान वर केली. ताईचा उजवा खांदा उतरला होता. ओठाचा उजवा कोपरा खाली होता, फार नाही, पाव इंच. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

"ताई, हस बघू."

ताई अर्धीच हसली.

"दोन्ही हात वर कर." डावा वर गेला, उजवा मांडीवरच राहिला. "मी कोण? सांग, मी कोण?"

"म... म..." ताईचे डोळे घाबरेघुबरे झाले.

"चक्कर असेल, पाणी पाजा," मालकीण म्हणाली.

"पाण्याचा थेंब देऊ नका! गाडी काढा!" मास्तर अशी कडाडली की मालकीण स्वतःच गाडीकडे पळाली. निघताना मास्तरनं गठ्ठ्याची चिठ्ठी ओढून मुठीत घेतली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं धड कधी बोलल्या?"

"दहा चाळीस."

"अंदाजे?"

"अंदाज कसला? लिहिलंय!" चिठ्ठी पुढे झाली.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. तास झाला नव्हता. "बरं झालं. मेंदूचा फोटो काढू. आत रक्तस्राव नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध देऊ. वेळच माहीत नसली की आमचे हात बांधले जातात. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीच्या," मास्तर म्हणाली आणि थांबली. ताईच्या डाव्या हातानं तिचं मनगट गच्च दाबलं होतं. सांगू नकोस, असं ते दाबणं. "आणि माझ्या हार्मोनच्या. मी दिल्या. दोन महिने."

औषध वेळेत गेलं. दुपारी डॉक्टरीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याच गोळ्यांनी झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण साठीनंतर, पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, त्यात बीपी असताना त्या सुरू केल्या, की पक्षाघाताचा धोका वाढतो."

"मग मीही सोडू?"

"घाबरून नको. तुमचं वय, तुमची तब्येत वेगळी. तुमचा धोका कमी आहे, शून्य नाही. कातडीवर चिकटवायचा पॅच मिळतो, त्यात आणखी कमी दिसतो. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा."

"उद्याच जाते," मास्तर म्हणाली. पण रात्रभर खुर्चीत बसून तिनं स्वतःला लाख शिव्या घातल्या.

सकाळी ताईच्या उजव्या हाताची बोटं हलली. शब्द यायला लागले, पण जड, अडखळत, अर्धे गिळलेले. मास्तरला राहवलं नाही. "ताई, माझं चुकलं गं. मीच दिली ना तुला गोळी."

ताई छताकडे बघत म्हणाली, "तू... एक दिलीस. मी... दोन घ्यायचे."

"काय?"

"मोठी कोण? मी ना? तुला एक... तर मला दोन. पट्टी संपली, मग... तुझ्याच डॉक्टरच्या कागदावर... औषधवाल्याकडून आणल्या."

मास्तर आधी हसली, मग भडाभडा रडली, मग पदर खोचावा तशी बाह्या सरसावून उठली आणि दाराकडे निघाली.

"कुठे... कुठे चाललीस?"

"डॉक्टरांना सांगायला."

"अगं ए! सांगू नकोस! लाज काढशील माझी चारचौघांत! मी मोठी आहे, माझं ऐक, परत ये म्हणते ना!"

मास्तर दारातच थबकली. ताई एकदाही अडखळली नव्हती.