चौदा नंबरची नळी

मलिहाबादहून आलेली दशहरी आंब्यांची पेटी, रक्ताच्या फ्रिजला टेकून.

हजरतगंजात शिवायला टाकलेला लग्नाचा ब्लाउज.

अकोल्याहून भावाचं पत्र. टाइप केलेलं, एकही खाडाखोड नाही.

रक्तचाचणीच्या काळ्या फोटोवर एक पांढरी रेघ, नको त्या जागी.

रेघ चौदा नंबरच्या नळीची होती आणि नळीतलं रक्त उल्काचं.

१९९८चा जून. लखनौच्या त्या लॅबमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमधला एक जनुक तपासणं चालू होतं. मेंदू नवं काही शिकतो तेव्हा पेशींमध्ये नवे जोड घडवायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा जनुक. तुलनेला निरोगी माणसं लागत. ती कमी पडली की तिथली रीत ठरलेली, आपलीच बाही वर करायची. उल्काचं रक्त शिवांगीने घेतलं होतं आणि सुई टोचता टोचता फॉर्मही तिनेच भरला होता. “घरात कुणाला मानसिक आजार?” शिवांगी नुसती सहकारी असती तर गोष्ट वेगळी. ती धैर्यशीलची बहीण, तीन आठवड्यांनी उल्काची नणंद होणार. उल्का “नाही” म्हणून गेली.

“चौदा नंबर कोण?” चंद्रशेखर सरांनी फोटो दिव्यासमोर धरला. “याची रेघ रुग्णांसारखी आहे.”

“अरे, ये तो आपली उल्का!” शिवांगी खिदळली. “तरीच! दोन वर्षं झाली, होणाऱ्या वहिनीबाईंना अजून स्कूटर येत नाही.”

“हसू नकोस. असा जनुक धडधाकट माणसांतही सापडतो, तेवढ्याने कुणी आजारी पडत नाही. पण जवळच्या नात्यात आजार असेल तर आपली तुलनाच खोटी.” सरांनी फॉर्म पुढे सरकवला. “पेपर आज टपालात टाकायचाय. उल्का, खात्री म्हणून पुन्हा एकदा सही कर.”

सही केली की संपलं. लग्न ठरल्याप्रमाणे होईल, आणि एकशेवीस आजारी माणसांच्या रक्ताशेजारी तिचं खोटं छापून येईल.

“कर ना यार. आंबे कापायचेत.”

उल्काने पेनाला टोपण लावलं.

“सर, चौदा नंबर काढून टाका. माझा भाऊ, सिद्धेश. नऊ वर्षं औषधं चालू आहेत.”

फ्रिज घरघरला. सरांनी पट्टी ठेवून चौदाची ओळ खोडली आणि उगाचच खिडकीबाहेर पाहिलं.

“तो तर बँकेत आहे म्हणालीस,” शिवांगी म्हणाली.

“हो, म्हणाले मी.”

“दादाला माहितीये?”

“नाही.”

शिवांगीने हातातली सुरी पेटीवर ठेवली. दोन्ही हात ओढणीला पुसले, कोरडेच होते ते.

“संध्याकाळी तो मानक नगरला आमच्या घरी येतोय. तू सांगतेस, की मी सांगू?”

“मी.”

अकोल्याच्या पत्रापासून सुरुवात करायची, उल्काने ठरवलं: आजारी पडल्यानंतर सहाव्या वर्षी सिद्धेश टायपिंगची परीक्षा पास झाला होता, मिनिटाला चाळीस शब्द.